आठवीच्या समर रीडिंगसाठी 'ग्रेसलिंग': कोणी वाचलंय का?

कैरीचं_पन्हं
नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगी सप्टेंबरात आठवीत जाईल. इथे जूनमध्ये शाळा सुटताना समर रीडिंगची लिस्ट हातात ठेवतात, त्यातलं एक पुस्तक आपल्या आवडीने घ्यायचं आणि सुट्टी संपली की त्यावर लिहून द्यायचं. यंदाची थीम आहे विशेष शक्ती असलेली माणसं. बाईसाहेबांनी क्रिस्टिन कॅशोरचं 'ग्रेसलिंग' उचललंय, कारण काय तर मैत्रिणीने तेच घेतलंय. मी मागचं कव्हर वाचलं तर नायिका राजासाठी माणसं मारते! नेटवर बघितलं तर कोणी म्हणतं अप्रतिम, कोणी म्हणतं लग्नाशिवायचे संबंध आहेत, एवढ्यात देऊ नका. नवरा म्हणतो शाळेने दिलंय ना, मग काय बघायचंय त्यात. मला साडेचारशेच्या वर इंग्रजी पानं वाचायची म्हणजे दिवाळी उजाडेल. तर वाचलेल्यांनी सांगा, तेरा वर्षांच्या मुलीला चालेल का, आणि तिच्याशी बोलायचं तर नेमकं कशावर बोलू? 'आवडलं का' विचारलं की 'इट्स फाइन' एवढंच उत्तर मिळतं.

वाळवी
बिनधास्त द्या. २००८ चं पुस्तक आहे, कॅशोरची पहिलीच कादंबरी, माझ्या फार आवडीची.

थोडक्यात सांगते. सात राज्यं आहेत, तिथे काही मुलांचे दोन डोळे दोन रंगांचे होतात आणि अशा मुलाकडे कसली तरी अचाट शक्ती असते, तिला ग्रेस म्हणतात. शक्ती काहीही असू शकते, कोणी भन्नाट स्वयंपाक करतं, कोणी नुसतं झाडावर चढण्यात पटाईत. पण बहुतेक राज्यांत असं मूल राजाच्या मालकीचं, उपयोगाचं असलं तर ठेवून घेतात नाहीतर घरी परत पाठवतात आणि मग लोक त्याला टाळतात. नायिका कात्साचा एक डोळा निळा, एक हिरवा. आठ वर्षांची असताना एक नातेवाईक तिच्याशी लगट करायला जातो, ती नुसता हात उगारते आणि तो जागीच मरतो. झालं, हिची ग्रेस म्हणजे मारणं असा शिक्का बसला आणि मामा, म्हणजे राजा रांडा, तिला गुंडासारखी वापरायला लागला. (नावाला हसू नका, इंग्रजीत ते साधं नाव आहे, पण मुलीशी बोलताना तुम्हीच दचकाल.)

मारामारी आहे, पण पहिल्याच प्रकरणात बघा, ती तुरुंगातून एका म्हाताऱ्याला सोडवायला जाते तेव्हा पहारेकऱ्यांना मारत नाही, बेशुद्ध पाडून तोंडात झोपेची गोळी टाकत पुढे जाते. राजाच्या नकळत तिने एक गुप्त मंडळ काढलंय, लोकांना मदत करायला. आणि पुढे बर्फातून एक खिंड ओलांडायचा मोठा भाग आहे, सोबत दहा वर्षांची पोर, पायाखाली बर्फ, खायला शिकार करून मिळेल ते, तिथे तिला कळतं की आपली शक्ती मारण्याची नाहीच, तगून राहण्याची आहे. मुलीला विचारायचं तर हे विचारा, कात्सा इतकी वर्षं स्वतःला खुनशी समजत राहिली ती कोणाच्या सांगण्यावरून? त्यावर ती दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलेल याची गॅरंटी माझी.

सदाशिवपेठी
तेराव्या वर्षी आपण आईच्या कपाटातल्या कादंबऱ्या पांघरुणात घेऊन वाचतच होतो की. ही निदान विचारून वाचतेय.

मेघना_बे_एरिया
मी जरा वेगळं सांगते. संबंधांचा भाग मला अजिबात खटकला नाही, मोजकं लिहिलंय, उलट गर्भ राहू नये म्हणून ती औषधी वनस्पती घेते हेसुद्धा लेखिकेने सरळ सांगितलंय आणि मला वाटतं ते बरंच केलं. लग्न नको, मूल नको असं कात्सा पहिल्यापासून म्हणते आणि शेवटपर्यंत त्यावर ठाम राहते, प्रेमात पडली म्हणून लेखिका तिला बोहल्यावर चढवत नाही. माझ्या सासूबाईंनी वाचलं असतं तर पुस्तक खिडकीबाहेर गेलं असतं ते वेगळं.

मला काळजी वाटली ती लेक नावाच्या राजाची. स्पॉयलर अलर्ट, पुढचं जपून वाचा. हा एका डोळ्यावर पट्टी बांधून फिरणारा राजा, प्राण्यांवर आणि लहान मुलांवर माया करणारा म्हणून सगळ्या राज्यांत नाव. त्याची ग्रेस अशी की तो जे बोलेल ते ऐकणाऱ्याला खरं वाटतं, आणि ज्यांनी ते ऐकलं ते पुढे जाऊन सांगतात तेव्हा तिसऱ्यालाही खरंच वाटतं. प्रत्यक्षात तो त्याच प्राण्यांना कापतो, मुलींना छळतो आणि आता त्याची नजर स्वतःच्या दहा वर्षांच्या मुलीवर, बिटरब्लूवर आहे. थेट वर्णन फारसं नाही पण जाणत्या मुलीला कळतं काय चाललंय ते. कात्सा एका हाताने माणूस लोळवते, पण हा समोर येऊन गोड बोलला की तिचंही डोकं बंद पडतं, तो प्रसंग वाचताना माझे हातपाय गार पडले होते. माझ्या मुलाने वाचलं तेव्हा मी एवढंच विचारलं की ताकदीने माणूस वाचू शकत नाही तिथे कशाने वाचेल, तर तो व्हॉट्सॲपवरच्या फॅमिली ग्रुपबद्दल बोलायला लागला! हुशार आहेत हो ही मुलं.

तेव्हा द्या, पण त्या भागापाशी आली की आसपास राहा. आणि पुढचं 'बिटरब्लू' (२०१२) एवढ्यात नको. त्यात ती आठ वर्षांनी मोठी झालीय, राणी आहे, आणि बापाने काय काय करून ठेवलंय ते उकरतेय. ते फार जड आहे.

पोहे_विथ_शेव
अलर्ट लिहून पुढच्याच ओळीत सगळं सांगायचं म्हणजे कमाल आहे हां मेघनाताई 😤 मी आजच लिबीवर (लायब्ररीच्या ॲपवर) होल्ड टाकला होता.

मेघना_बे_एरिया
अरे अलर्ट ठळक केलाय तरी वाचलंस, मी काय करू. आणि शेवट कुठे सांगितलाय मी?

अनघा_टी
मी शाळेत स्पेशल एज्युकेशनमध्ये आहे म्हणून एक मुद्दा मांडते, पोहेवाल्याने डोळे मिटावेत. पो नावाचा राजपुत्र आहे, एक डोळा सोनेरी एक चंदेरी, सगळ्यांना वाटतं त्याची ग्रेस लढण्याची आहे पण खरी शक्ती वेगळीच आहे आणि ती तो लपवतो. शेवटाकडे त्याची दृष्टी जाते. पण त्याच शक्तीमुळे त्याला आजूबाजूचं सगळं जाणवतं, म्हणजे अंधत्व दिलं आणि लगेच जादूने भरूनही काढलं. बऱ्याच जणांना हे खटकलं, मलाही. नंतर 'बिटरब्लू'च्या शेवटी ऋणनिर्देशात लेखिकेने स्वतःच लिहिलंय की असं केल्याने अपंग माणूस पूर्ण असूच शकत नाही असा अर्थ निघतो हे तिच्या उशिरा लक्षात आलं. शाळेसाठी लिहायला हा विषय फार चांगला आहे, कारण शक्ती म्हणजे वरदान की शाप यावर वर्गातली निम्मी मुलं लिहिणार आणि शिक्षिका कंटाळणार.

कैरीचं_पन्हं
बापरे, एवढी उत्तरं! मेघनाताई, तो राजाचा भाग वाचून मीच घाबरले, पण देते. रात्री जेवताना वाळवीचा प्रश्न टाकला तर मॅडम म्हणाल्या, 'आई, मी अजून तिसऱ्या चॅप्टरला आहे, डोन्ट स्पॉइल इट.' माझ्यासाठी काही शॉर्टकट आहे का? तिच्या आधी मला पुढे जायला हवं.

वाळवी
आहे ना. गॅरेथ हाइंड्सने केलेलं ग्राफिक नॉव्हेल आहे, २०२१ चं, लायब्ररीत विचारा. वीकेंडला होऊन जाईल. फक्त तिच्या हाती लागू देऊ नका, नाहीतर तीही तेच वाचून असाइनमेंट लिहील.

पोहे_विथ_शेव
माझा होल्ड आला. चौदा दिवसांत संपवतो, तोवर इथे कोणी शेवट लिहू नका प्लीज. अनघाताई, मी डोळे मिटले नव्हते 😑