आमची कुत्री खारी हरवली आहे – रामबाग कॉलनी, वेताळ टेकडी परिसर (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आमची खारी कोथरूडच्या रामबाग कॉलनीतून पळाली. आज दुसरा दिवस, अजून पत्ता नाही. पौड रोड, केळेवाडी, जयभवानीनगर, सुतारदरा किंवा एमआयटीच्या मागच्या बाजूला राहणारं, नाहीतर रोज वेताळ टेकडीवर फिरायला जाणारं इथे कुणी असेल तर कृपया शेवटपर्यंत वाचा.

गावठी कुत्री आहे, वय सहा वर्षं, अंगाने बारीक. रंग बेकरीतल्या खारीसारखा, पाठीवर भाजलेला तांबूस आणि पोटाकडे फिका. नाव त्यावरूनच पडलं. मागच्या उजव्या पायाचा पंजा पांढरा. कानाला खाच नाही. गळ्यात पट्टा नाही, आणि ही चूक माझी. नवा पट्टा तिला खुपत होता, सारखी मान खाजवत होती, म्हणून त्याच दुपारी मी तो काढून ठेवला. अजून टीव्हीशेजारी तसाच पडलाय.

ती पुण्याची नाही, हे सगळ्यात अवघड आहे. लांजा तालुक्यातल्या आमच्या गावी ती आईजवळ असते. दिवसभर खळ्यात, दुपारी पडवीच्या पायरीवर, रात्री आईच्या खोलीच्या दाराशी. या महिन्याच्या सुरुवातीला आई न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशनसाठी तिला इकडे आणलं. शेजारच्या वहिनी खारीला वेळच्या वेळी भात घालत होत्या, पण तिने चार दिवस तोंडच लावलं नाही. शेवटी माझा भाऊ तिला गाडीत घालून पुण्याला घेऊन आला. म्हणजे पळाली तेव्हा तिला इथे येऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. जिना, खालचं पार्किंग आणि समोरचं चाफ्याचं झाड, एवढंच पुणं तिला माहीत.

त्या संध्याकाळी शेजारी हजाराची माळ लागली, तेव्हा ती आईच्या खाटेखाली अंग चोरून बसली होती. फराळाचं ताट घेऊन कुणी आलं म्हणून मी दार उघडलं, आणि मागच्या गॅलरीखाली सुतळी बॉम्ब फुटला. ती दारातल्या माणसाच्या पायांमधून निघून गेली. मी अनवाणी, जिवाच्या आकांताने हाका मारत मागे धावले. जितकी मी ओरडले तितकी ती जोरात पळाली. गल्लीच्या टोकाच्या सीसीटीव्हीत ७ वाजून ५२ मिनिटांनी ती दिसते, शेपूट पोटाखाली, टेकडीच्या दिशेने. त्यानंतर काहीच नाही.

विचारायचं ते हे. असं घाबरलेलं कुत्रं साधारण कुठे दडतं, आणि त्याला कोणत्या वेळी शोधावं? महापालिकेच्या गाडीने उचललं असेल तर कुठे चौकशी करायची? आणि आईचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून टेकडीवर लावला तर उपयोग होईल का? खारी फक्त आईच्या 'यू यू' ला येते. जेवणाच्या वेळी आई जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) ताटलीवर पळीने तीनदा वाजवते आणि मग हाक घालते. परसाच्या टोकाला असली तरी ती धावत येते. माझ्या हाकेला नुसती मान वळवते.

कुणाला दिसली तर कृपया पकडायला जाऊ नका, हाकही मारू नका. 'हाड' तर अजिबात नको, त्या एका शब्दाला ती फार घाबरते. लांबूनच फोटो काढा, जागा आणि वेळ मला व्यनि (खाजगी निरोप) करा. रेबीजची लस दिलेली आहे आणि ती आजवर कुणाला चावलेली नाही. तरी भेदरलेलं जनावर आहे. दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. लसीचा कागद माझ्याकडे आहे, तुम्हाला पाठवते.

प्रतिसाद, कर्वेनगरहून

ताई, आमचा कुत्रा असाच फटाक्यांच्या आवाजाने पळाला होता, म्हणून सांगतो. आम्ही पहिल्याच रात्री दहा पोरं, बॅटऱ्या, शिट्ट्या असा घोळका घेऊन निघालो, आणि तो घरापासून दोनशे मीटरवर एका बंद बंगल्याच्या जिन्याखाली दडलेला होता. आमच्या आवाजानेच तो चार दिवस बाहेर आला नाही. तेव्हा घोळका नको. दोघंच जा, बोलू नका, पहाटे साडेतीन ते साडेपाचच्या मधे. दिवसभर ती दडून राहील, रस्ते सामसूम झाले की पाणी शोधायला निघेल.

त्या वेळी जी माणसं रस्त्यावर असतात त्यांना भेटा. दूधवाले, पेपर टाकणारी पोरं, झाडणाऱ्या मावशी, रात्रपाळीचे वॉचमन. मला फेसबुकवरच्या शेकडो शेअरचा उपयोग झाला नाही, एका पेपरवाल्या पोराचा झाला. पोस्टरवर फोटो मोठा लावा आणि 'पकडू नका, फोन करा' हे नावापेक्षा ठळक लिहा. एक खूण मात्र कुठेही लिहू नका, स्वतःजवळ ठेवा. पंजा लिहून बसलात, असू दे, दुसरी एखादी असेलच. का ते फोन यायला लागले की कळेल.

प्रतिसाद, धनकवडीहून

मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते. ताई, कानाला खाच नाही हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण त्यात थोडी काळजी आहे. नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात, ती बघून गाडीवाली माणसं त्याला परत उचलत नाहीत. तुमच्या खारीला खाच नाही आणि पट्टाही नाही, म्हणजे त्यांच्या नजरेत ती नसबंदी राहिलेली भटकी कुत्री. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदीनंतर कुत्रं उचललं तिथेच परत सोडायचं असतं, पण तोवर काही दिवस ते पिंजऱ्यात असतं. दिवाळीची सुट्टी असली तरी केंद्रावर खायला घालणारी माणसं असतात. फोनवर विसंबू नका. स्वतः जा, पिंजरे डोळ्यांनी बघा आणि फोटो तिथे चिकटवून या. दोन दिवसांनी पुन्हा जा.

सापडल्यावर मायक्रोचिप बसवून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढी असते, दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली सुईने घालतात. तिच्यामुळे कुत्रं कुठे आहे ते मोबाईलवर दिसतं असा बऱ्याच जणांचा समज असतो, तसं नाही. स्कॅनर फिरवला की पंधरा आकडी नंबर दिसतो, बाकी काही नाही. पण तो नंबर तुमच्या नावावर नोंदलेला असला तर कुणी दवाखान्यात आणल्यावर ती तुमची आहे हे लगेच कळतं.

आवाज रेकॉर्ड करून लावू नका असं मी म्हणेन. आवाज आहे आणि माणूस नाही, याने ती आणखी गोंधळेल. त्याऐवजी आईंचं वापरलेलं, न धुतलेलं लुगडं किंवा गाऊन ती शेवटची दिसली तिथे ठेवा. खाणं मात्र टाकून येऊ नका, टेकडीवरची टोळकी जमतात आणि नव्या कुत्र्याला हुसकावून लावतात.

प्रतिसाद, निपाणीहून

आमच्या तालुक्यातल्या यमगर्णीचा 'महाराज' आठवतोय का? २०२४ च्या आषाढीला हा कुत्रा गावच्या वारकऱ्यांबरोबर पंढरपूरला गेला, तिथल्या गर्दीत चुकला, आणि सुमारे अडीचशे किलोमीटर तुडवत एकटा घरी आला. गावाने त्याला हार घातला, जेवणावळ केली. धीर सोडू नका ताई. विठ्ठल आहे.

धागाकर्ती (खारीची ताई), चौथ्या दिवशी रात्री

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलंत तसं केलं. भाऊ आणि मी रोज साडेतीनला निघतोय. पहिल्या पहाटे वरच्या दगडखाणीतल्या पाण्यापर्यंत जाऊन आलो, मोर ओरडत होते, ससा दिसला, खारी नाही. महापालिकेच्या केंद्रावरही जाऊन आले. एका पिंजऱ्यात अगदी तिच्याच रंगाची एक होती, माझे पाय लटपटले. पण तिचे चारही पंजे तांबूस होते.

खुणेबद्दल लिहिणाऱ्या दादांचे विशेष आभार. काल एकाचा फोन आला, कुत्री आमच्याकडे आहे, गाडीभाड्याचे तीन हजार आधी पाठवा. मी राखून ठेवलेली खूण विचारली. त्याने फोन ठेवला. कर्वेनगरच्या दादांनी सांगितलं नसतं तर मी पैसे पाठवले असते, मनाची अवस्थाच तशी आहे.

'महाराज'ची गोष्ट आईला वाचून दाखवली. ऐकून मला तर वेगळीच धास्ती वाटली, की ही चांदणी चौकातून हायवेला लागून गावाकडे निघाली असेल तर? तीनशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. आई म्हणाली, "ती घरी कशाला जाईल? मी इथे आहे ना."

लुगडं वॉचमनकाकांच्या खुर्चीमागे ठेवलं आहे. तिथे रात्री एक मांजर येऊन झोपतं.

धागाकर्ती, सहाव्या दिवशी दुपारी

सापडली!

काल पहाटे केळेवाडीच्या वरच्या अंगाला झाडणाऱ्या एका मावशींचा फोन आला. त्यांच्याकडे पोस्टर नव्हतं, दूधवाल्याकडून ऐकलं होतं. "बाई, पांढऱ्या पायाची आहे, झुडपात बसते, मी हात नाही लावला." आम्ही गेलो. गिरीपुष्पाच्या दाट झाडीत, पडक्या भिंतीच्या आडोशाला खारीच होती. पण आम्हाला बघून ती वर सरकली. भाऊ पुढे झाला, ती आणखी वर. आम्ही तिथेच थांबलो आणि परत फिरलो. पोटच्या लेकराला तसं सोडून मागे फिरण्यासारखं वाटलं, पण फिरलो.

आज आईला नेलं. डॉक्टरांना विचारून, भावाच्या गाडीतून, जिथवर गाडी जाते तिथवर. पुढची वीस पावलं ती वॉकर धरून चालली. तिथल्या एका घरातल्या काकांनी न विचारता प्लास्टिकची खुर्ची आणून दिली आणि गल्लीतल्या पोरांना गप्प घरात बसवलं. आईने मांडीवर जर्मनची ताटली घेतली, पळीने तीनदा वाजवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "यू… यू… खारे, ये गो."

झुडपात काही हललं नाही. आईने पुन्हा वाजवलं. दहा-एक मिनिटांनी भिंतीच्या कडेला नाक दिसलं. मग ती पोटावर सरपटत, थांबत, वास घेत खाली यायला लागली. त्या तीस फुटांना अर्ध्या तासाच्या वर लागला असेल. आई एकदाही उठली नाही, हात पुढे केला नाही, नुसती ताटलीवर बोट वाजवत राहिली. शेवटी खारीने आईच्या पावलांवर हनुवटी टेकवली आणि जे कण्हायला लागली, तसा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. भात तसाच राहिला. आधी तिने आईचा ऑपरेशनचा पाय हुंगला, दोन्ही बाजूंनी.

दवाखान्यात नेऊन आणलं. बरंच वजन गेलंय, एक पंजा फाटलाय, कानात गोचिड्या होत्या, बाकी ठीक. चिप बसवली. नंबर माझ्या आणि भावाच्या दोघांच्या फोनवर नोंदवला आहे. मऊ कापडाचा पट्टा घातलाय, तो तिला खुपत नाही. आत्ता ती खाटेखाली झोपली आहे आणि आईचा एक हात खाली लोंबतोय.

बक्षीस म्हणून ठेवलेले पैसे मावशी घेईनात. मग त्यांच्या मुलीच्या वह्या-पुस्तकांसाठी म्हणून दिले, तेव्हा घेतले. दूधवाल्या दादांना आणि खुर्चीवाल्या काकांना उद्या आईच्या सांगण्यावरून केलेले घावन घेऊन जाणार आहे.

एक विनंती. पौड रोडला आणि आयडियल कॉलनी मेट्रो स्थानकाच्या आसपास आमची पोस्टरं अजून लागलेली असतील. बरीच मी काढली, पण सगळी हाती लागली नाहीत. दिसली तर कृपया काढून टाका, नाहीतर लोक अजून शोधत राहतील. काल रात्रीही एका काकूंनी अंधारात टेकडीच्या पायऱ्यांवरून फोन केला होता.