जुन्या जीपचा ब्लीडिंग निप्पल जाम झाला, काय करू?

प्रश्न (दारव्ह्याकडचा शेतकरी): भाऊ, पावसाळाभर जीप चिखलाच्या पांदणीतून चालली. आता मागच्या डाव्या चाकाचा निप्पल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू, हलत नाही. साध्या पान्यानं कडा गोल व्हायला लागल्या. कापूस जिनिंगला न्यायचा आहे. आणखी जोर लावू काय?

उत्तर: नका लावू बाप्पा! निप्पल आतून पोकळ असते, कटकन मोडते. तारेच्या ब्रशनं माती-गंज काढा, गंज सोडवायचं तेल बुडाशी मारा अन् रातभर राहू द्या. सकाळी सहा कोनांचं सॉकेट पूर्ण बसवून हातोडीनं हलके ठोके द्या. पहिले किंचित आवळा, मंग सोडा. थोडं सोडा, थोडं आवळा, असंच. बारीक 'कट' आवाज आला की समजा गंज सुटला. भोकात बरोबर मापाच्या ड्रिलची दांडी घातली तर निप्पल चेपत नाही.

दुसरं उत्तर: गॅसनं तापवायचं असेल तर व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा भाग, निप्पल यातच बसते) खोलून बाहेर काढा, रबरं काढा, ऑइल पुसून कोरडं करा. ब्रेक ऑइल पेट घेते. माझं मत, मोडलंच तर सिलिंडर नवा टाका, जिवापेक्षा महाग नाही.

प्रश्नकर्ता: सुटलं! ऑइल चहासारखं काळपट निघालं.

पहिलं उत्तर: मंग सगळं बदला. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) नवं असताना २०५ अंशांच्या पुढं उकळते, पाणी शोषलं की १४० च्या आसपास. भरल्या गाडीनं उतारावर ब्रेक तापला की पायडल खाली जाते. ब्रेक पक्का होईस्तोवर कापूस भरू नका.