एफवायबीएससीचं कॅल्क्युलस डोक्यावरून जातंय, एप्सिलॉन-डेल्टा कसं समजून घ्यायचं?

रानपाखरू

नमस्कार सगळ्यांना. मी यावर्षी पुण्यात एफवायबीएससीला आलोय, दहावीपर्यंत गावाकडे मराठी मीडियम, मग अकरावी-बारावी सायन्स. बारावीला मॅथ्स मस्त जमायचं, म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढा इंटिग्रेशन करा म्हटलं की हात थांबायचा नाही, सीईटीत पण मॅथ्सनेच तारलं, म्हणून इथे मॅथ्स घेतलं. आणि कॅल्क्युलसच्या पहिल्याच चॅप्टरला गाडी अडकली. सर लिमिटची डेफिनिशन लिहितात, फॉर एव्हरी एप्सिलॉन ग्रेटर दॅन झिरो देअर एक्झिस्ट्स डेल्टा वगैरे, मग दोन-तीन ओळी मॉडच्या (म्हणजे प्लस-मायनस चिन्ह सोडून नुसती किंमत) आणि एकदम "चूज डेल्टा इज इक्वल टू मिनिमम ऑफ १ अँड एप्सिलॉन बाय ७". हे एक्स स्क्वेअरचं लिमिट ३ पाशी ९ आहे एवढंच दाखवायला! तो ७ आला कुठून? आणि १ कशाला? ३ टाकलं की ९ येतंच की, मग सिद्ध काय करायचंय?

वर्गात विचारायला धीर होत नाही, बाकीचे सगळे माना डोलावतात. प्रूफ पाठ करून बघितलं पण आकडा बदलला की संपलं. पुढच्या आठवड्यात इंटर्नल आहे. आणि पुढच्या वर्षी मेजर ठरवायचंय तर मॅथ्सच ठेवावं का फिजिक्सकडे वळावं हेही डोक्यात आहे. कुणी दादा-ताई हे शिकलेले असतील तर प्लीज सांगा.

अक्का_सोलापूर

बाळा, मेजरचा विचार आत्ता बाजूला ठेव, एका चॅप्टरवरून तो निर्णय घ्यायचा नसतो. मी बरीच वर्षं एफवायला कॅल्क्युलस शिकवलंय आणि तुझे दोन्ही प्रश्न अगदी नेमके आहेत, ज्याला ७ कुठून आला असं विचारावंसं वाटतं तो पोरगा प्रूफ खरंच वाचतोय.

आधी "३ टाकलं की ९ येतं" बद्दल. ३ टाकून तुला ३ वरची किंमत मिळते. लिमिटला ३ वर काय आहे याच्याशी देणंघेणंच नाही, ३ च्या आसपास काय चाललंय ते विचारलेलं असतं. एक्स स्क्वेअर मायनस ९ भागिले एक्स मायनस ३ घे, तिथे ३ टाकलंस तर शून्य भागिले शून्य, किंमतच नाही, तरी लिमिट आहे आणि ते ६ आहे. एक्स स्क्वेअरच्या बाबतीत आसपासचं उत्तर आणि प्रत्यक्ष किंमत एकच निघतात, पण बारावीपर्यंत ते आपण धरून चाललो होतो, आता ते दाखवायचंय.

आता डेफिनिशन. यात क्रम सगळ्यात महत्त्वाचा. एप्सिलॉन समोरचा देतो, तो किती लहान असावा हे तुझ्या हातात नाही. तो म्हणतो उत्तर ९ पासून एवढ्याच अंतरात पाहिजे. मग तू डेल्टा द्यायचास, म्हणजे सांगायचंस की एक्स ३ पासून इतक्या अंतरात ठेव (३ सोडून), तुझं काम होईल. डेल्टा एप्सिलॉनवर अवलंबून चालतो, एक्सवर अवलंबून चालत नाही, कारण डेल्टा ठरवताना एक्स अजून आलेलाच नाही. बरीच मुलं इथेच घसरतात, डेल्टा इज इक्वल टू एप्सिलॉन बाय मॉड एक्स प्लस ३ असं लिहून मोकळी होतात.

तुला ७ आभाळातून पडल्यासारखा वाटतो कारण फळ्यावर पक्कं उत्तर येतं आणि कच्चं काम येत नाही. कच्चं काम उलट्या दिशेने चालतं. वहीच्या मागच्या पानावर असं कर:

मॉड एक्स स्क्वेअर मायनस ९ म्हणजे मॉड एक्स मायनस ३ गुणिले मॉड एक्स प्लस ३. पहिला तुकडा म्हणजे एक्सचं ३ पासूनचं अंतर, तो आपल्या ताब्यात आहे, तोच डेल्टापेक्षा लहान ठेवायचाय. दुसरा त्रास देतो, एक्स लांब गेला तर तो कितीही मोठा होईल. म्हणून त्याला आधी बांधून टाकायचं, म्हणायचं की मी ३ पासून १ पेक्षा लांब जाणारच नाही. मग एक्स २ आणि ४ च्या मध्ये, म्हणून एक्स प्लस ३ हे ७ पेक्षा कमी. हा बघ तुझा ७. म्हणजे सगळा गुणाकार ७ गुणिले मॉड एक्स मायनस ३ पेक्षा मोठा होऊ शकत नाही, तो एप्सिलॉनच्या आत हवा तर मॉड एक्स मायनस ३ हे एप्सिलॉन बाय ७ पेक्षा कमी हवं. आणि १ ची अट घातलीय ती पण पाळायचीय, म्हणून दोन्हीतलं लहान.

आकडे घालून बघ. एप्सिलॉन ०.०७ दिला तर डेल्टा ०.०१. एक्स ३ पासून नेमका ०.०१ लांब, म्हणजे अगदी टोकाचा ३.०१ घेतला तरी वर्ग ९.०६०१, फरक ०.०६०१, अटीच्या आत, मग आतले सगळे एक्स आतच. आता १ काढून टाक आणि कुणी एप्सिलॉन ७० दिला असं समज. डेल्टा १० येईल, मग एक्स १२ चालेल कारण तो ३ पासून ९ च अंतरावर आहे, पण १२ चा वर्ग १४४, फरक १३५, गेलं सगळं. म्हणून १ लागतो. त्या जागी २ घेतलास तरी चालेल, मग ७ च्या ऐवजी ८ येईल, उत्तर तितकंच बरोबर. पाठ करायची वस्तू नाही ही.

पेपरात मात्र सुरुवात "लेट एप्सिलॉन ग्रेटर दॅन झिरो बी गिव्हन" पासून, लगेच डेल्टा काय घेतला ते, मग सरळ दिशेने मॉडच्या ओळी. आणि सरांना जाऊन विचार रे, वर्गात नको वाटत असेल तर तास संपल्यावर स्टाफरूममध्ये जा. शिकवणाऱ्याला असा प्रश्न आला की बरं वाटतं, मनापासून सांगते.

टॉर्क

अक्कांनी एवढं सविस्तर लिहिल्यावर एप्सिलॉनबद्दल मी काय बोलणार. दोन गोष्टी फक्त, मी इंजिनिअरिंगचा आहे, फर्स्ट इयरच्या एमवनला (मॅथ्सचा पहिला पेपर) आमच्याकडे या दोन्हींवर मुलांचे मार्क जाताना बघितलेत.

एक, सीईटीची सवय. सीईटीला ९० मिनिटांत ५० गणितं, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे लिमिट दिसलं की लॉपिताल (वरचा आणि खालचा वेगवेगळा डेरिव्हेटिव्ह काढून लिमिट घ्यायचा नियम) मारायचं हे हाताला बसलेलं असतं. एक्स प्लस १ भागिले एक्स प्लस २ चं शून्यापाशी लिमिट साधं १/२ आहे, त्याला लॉपिताल लावलंस तर १ येईल, कारण तिथे शून्य भागिले शून्य नव्हतंच. आधी फॉर्म तपासायचा आणि तो पेपरात लिहायचा पण. आणि साइन एक्स बाय एक्सचं लिमिट १ आहे हे लॉपितालने "सिद्ध" करू नको, कारण साइनचा डेरिव्हेटिव्ह कॉस आहे हे काढतानाच ते लिमिट वापरलेलं असतं.

दोन, अल्जेब्रा. कॅल्क्युलसमध्ये अडकलेली मुलं बऱ्याचदा कॅल्क्युलसमध्ये अडकलेलीच नसतात. एक्स स्क्वेअर प्लस ९ च्या वर्गमुळाला एक्स प्लस ३ लिहितात, इनइक्वॅलिटीला निगेटिव्हने गुणतात आणि चिन्ह फिरवत नाहीत. एप्सिलॉन-डेल्टा म्हणजे सगळा मॉड आणि इनइक्वॅलिटीचाच खेळ आहे, तेव्हा अकरावीच्या पुस्तकातली तेवढी उदाहरणं दोन संध्याकाळी बसून परत कर.

मिशिगन_मुक्काम

मी इकडे अमेरिकेत पीएचडी करतेय आणि सोबत टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून कॅल्क वन, म्हणजे कॅल्क्युलसचा पहिला कोर्स, शिकवते. टॉर्कशी शंभर टक्के सहमत, इथेही मुलं अडकतात ती अपूर्णांक आणि ट्रिगमध्ये.

पण रानपाखरू, तुला एक माहीत असावं म्हणून सांगते. इकडे बऱ्याच ठिकाणी कॅल्क वनमध्ये एप्सिलॉन-डेल्टा एक तर वगळतात नाहीतर वरवर दाखवून पुढे जातात, ग्राफ, रेट ऑफ चेंज, मॅक्सिमा-मिनिमा यावर सगळा भर, आणि खरी प्रूफं पुढे रिअल ॲनालिसिसला, तीही मॅथ्सवाल्यांनाच. तुझ्याकडून ते पहिल्याच सेमिस्टरला मागतायत. इतिहासातही हे सगळं उशिराच आलं. न्यूटन आणि लाइबनिट्स सतराव्या शतकातले, पण लिमिटची ही काटेकोर मांडणी बोल्झानो, कोशी आणि मग वायरश्ट्रास यांच्या हातून एकोणिसाव्या शतकात झाली. दीडशे वर्षं मोठमोठे लोक डेल्टाशिवाय कॅल्क्युलस वापरत होते आणि अचूक उत्तरं काढत होते. तेव्हा ही गोष्ट पहिल्या महिन्यात पचत नसेल तर तू मॅथ्ससाठी बनलेला नाहीस असा अर्थ काढू नको प्लीज, माझ्या ओळखीत चांगल्या चांगल्या मुलांनी असा अर्थ काढून विषय सोडलाय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

एक करून बघ, फोनवर डेस्मॉस किंवा जिओजेब्रा उघड, एक्स स्क्वेअरचा ग्राफ काढ, ९ च्या वर-खाली दोन आडव्या रेषा ओढ आणि ३ च्या दोन बाजूंना दोन उभ्या. आडव्या जवळ आणल्या की उभ्या किती जवळ आणाव्या लागतात ते स्लायडरने बघ. सरांची डेफिनिशन म्हणजे हीच चौकट.

घाटवळण

थोडं पुढचं सांगतो कारण इंटर्नलला नाही तरी सेमिस्टरला मीन व्हॅल्यू थिअरम येणारच. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर आता दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेगही मोजतात. समज मधलं अंतर १० किलोमीटर आणि तू ५ मिनिटांत पार केलंस, सरासरी झाली ताशी १२०. तू म्हणशील माझ्या काट्यावर १२० कधी दिसलेच नाहीत, तर थिअरम म्हणतो दिसलेच असणार, निदान एका क्षणी काटा बरोबर १२० वर होताच, कारण गाडी एका जागेवरून दुसरीकडे उडी मारत नाही आणि प्रत्येक क्षणी तिला वेग असतो. कंटिन्युअस आणि डिफरन्शिएबल या दोन अटी थिअरममध्ये त्यासाठीच. अटींपाशी थांबून प्रत्येक अट काढली तर काय बिघडतं ते बघायची सवय लाव. मॉड एक्स घे मायनस १ ते १, दोन्ही टोकांना किंमत १, सरासरी उतार शून्य, पण शून्य उतार कुठेच सापडत नाही, का तर शून्यापाशी टोक आहे.

सरासरी गती वेगळी आणि त्या क्षणाची गती वेगळी हा भेद आपल्या भास्कराचार्यांनी ग्रहांच्या बाबतीत केलेला आहे, सिद्धांतशिरोमणीत, ११५० साली, तात्कालिक गती म्हणून. ते वाचल्यापासून मला डेरिव्हेटिव्ह परका वाटत नाही.

रानपाखरू

अक्का, टॉर्कदादा, मिशिगनताई, घाटवळण, सगळ्यांचे खूप आभार. मागच्या पानावर कच्चं काम करायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी स्वतः एक करून बघितलं, १ अपॉन एक्सचं लिमिट २ पाशी १/२. मॉड १ बाय एक्स मायनस १/२ म्हणजे मॉड एक्स मायनस २ भागिले २ मॉड एक्स. खालचा एक्स त्रास देतोय, म्हणून २ पासून १ च्या आत राहायचं, मग एक्स १ पेक्षा मोठा, म्हणून सगळं मॉड एक्स मायनस २ च्या निम्म्यापेक्षा कमी. तर डेल्टा मिनिमम ऑफ १ अँड २ एप्सिलॉन. बरोबर आहे का? आणि उद्या सरांकडे जाणार आहे.

अक्का_सोलापूर

अगदी बरोबर, शाब्बास! खालचा एक्स मोठा नाही तर लहान होण्याची भीती आहे हे तुझं तू ओळखलंस, त्यात सगळं आलं. आता हेच १/२ पाशी कर, लिमिट २ येईल. तिथे १ च्या आत राहून चालणार नाही, कारण मग एक्स शून्यावरही जाऊ शकतो आणि खालचा एक्स बांधलाच जात नाही. १/४ च्या आत राहा, म्हणजे एक्स १/४ पेक्षा मोठा राहील. डेल्टा काय येतो ते इथे लिही, मी रात्री बघते.

रानपाखरू

मिनिमम ऑफ १/४ अँड एप्सिलॉन बाय ८?

अक्का_सोलापूर

हो. आता एक्स क्यूब घे, २ पाशी.