अनुभव धागा: स्कोपची उभी रेघ तिरकी दिसते तेव्हा

धागाकर्ता

रायफलवर स्कोप (नेमाची दुर्बीण) चढवला, रिंग आवळल्या, डोळा लावला आणि क्रॉसची उभी रेघ एका बाजूला कललेली दिसली की हात आधी अ‍ॅलन कीकडे जातो. तो तिथेच थांबवावा, म्हणून हा धागा. दिसायला एकच असणाऱ्या या दुखण्याची तीन वेगळी मुळे असतात: स्कोप रिंगमध्ये फिरलेला असतो, स्कोपच्या आत रेटिकलच (आतल्या रेघांचा क्रॉस) टरेटच्या (नेम वर-खाली, डावा-उजवा करणाऱ्या चकत्या) चालीशी जुळत नाही, किंवा सगळे सरळ असून रायफल खांद्यावर येताना कलते. तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे आणि चुकीचा उपाय केला तर मूळ दोष झाकला जातो.

ज्यांनी हे काम हाताने केले आहे त्यांनी कृपया पद्धत, माप आणि ती कुठे फसते हे लिहावे. कोणत्या कंपनीचा स्कोप चांगला, ही चर्चा इथे नको.

हात लावण्याआधी मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा, बोल्ट बाहेर काढून बाजूला ठेवा. एअर रायफल असेल तर ती भरलेली नाही आणि स्प्रिंग चढवलेली नाही याची खात्री करा.

ओळंबा

गवंड्याचा ओळंबा हे यातलं सगळ्यात भरवशाचं साधन. पांढरी जाड दोरी घ्या, खाली अर्धा किलोचं वजन बांधा आणि ते वजन पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. नाहीतर वाऱ्याच्या झुळकीनेही दोरी डोलत राहते आणि तुम्ही हलत्या रेघेशी जुळवत बसता. अंतर २५ ते ५० मीटर. स्कोपला पॅरलॅक्सची (अंतरानुसार चित्र स्पष्ट करणारी) चकती असेल तर दोरी अगदी स्पष्ट दिसेपर्यंत फिरवा. धूसर दोरीवर एक अंशाची चूक सहज पचून जाते.

रायफल व्हाइसमध्ये किंवा वाळूच्या पिशव्यांवर अशी बसवा की हात लागला तरी हलणार नाही. रिंगचे वरचे स्क्रू इतकेच सैल करा की स्कोप दोन बोटांनी जड फिरेल. मग उभी रेघ दोरीवर टेकवून पाहा. मध्यबिंदूपाशी जुळली म्हणजे झालं असं नाही. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत दोरी रेघेआड लपली पाहिजे.

अंगण नसेल तर अंधाऱ्या खोलीत भिंतीवर ओळंबा सोडा आणि डोळ्याकडच्या भिंगातून टॉर्चचा झोत आत टाका. पुढच्या भिंगातून रेटिकलची सावली भिंतीवर पडते. पॅरलॅक्स आणि मॅग्निफिकेशन फिरवून ती रेखीव करून घ्या. यात डोकं कलण्याचा प्रश्नच उरत नाही, म्हणून माझा कल या पद्धतीकडे जास्त आहे.

पाना-पेचकस

ओळंब्याने जुळवलेली रेघ आवळताना बिघडते, आणि निम्म्याहून जास्त तक्रारी इथल्याच असतात. एका बाजूचा स्क्रू पूर्ण आवळला की रिंगची टोपी त्या बाजूला ओढली जाते आणि सोबत स्कोपची नळीही फिरते. म्हणून चारही स्क्रू आधी फक्त टेकवा, मग कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जात प्रत्येकी अष्टमांश फेरा द्या. दर फेरीनंतर दोरीवर रेघ पाहा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. काही रिंगांत मात्र एक बाजू पूर्ण मिटवायची आणि दुसरीवरच दाब द्यायचा असतो, तेव्हा रिंगसोबतचा कागद आधी वाचा.

रिंगच्या वरच्या स्क्रूंना सहसा १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर आवळण्याचा जोर (टॉर्क) पुरतो. रेलवर (रायफलवरची स्कोप बसवायची पट्टी) पकडणाऱ्या खालच्या नटांना बरेच जास्त लागते, ४५ ते ६५ इंच-पाउंड, पण तो आकडा माउंटच्या (रिंग आणि खालची पकड) उत्पादकाचाच घ्यावा. आट्यांना तेल किंवा थ्रेडलॉकर (स्क्रू सुटू नये म्हणून लावायचा गोंद) लागलेले असेल तर घर्षण कमी होते आणि टॉर्क रेंचवर (जोर मोजणाऱ्या पान्यावर) तोच आकडा दिसत असताना प्रत्यक्ष दाब वाढतो. वरच्या टोपीच्या स्क्रूंना थ्रेडलॉकर लावू नये. निळा, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर बेसच्या (रेल रायफलला जोडणाऱ्या) स्क्रूंपुरता ठेवा. जास्त आवळलेल्या स्कोपच्या नळीवर वळ उठतात आणि मॅग्निफिकेशनची चकती जड फिरू लागते. ती जड झाली तर सैल करायला रिंगच्या स्क्रूंपासूनच सुरुवात करा.

समतल

टरेटच्या टोपीवर स्पिरिट लेव्हल ठेवून काम उरकणाऱ्यांना एक विनंती. ती टोपी नुसते झाकण आहे, तिचा माथा रेटिकलशी समांतर असेलच असे नाही. त्यापेक्षा टरेटच्या खालचा सपाट भाग आणि रेल यांच्यामध्ये फीलर गेजच्या (ठरावीक जाडीच्या पातळ) पट्ट्या सरकवून स्कोप टेकवणे बरे. तरीही हा जुळणीचा पहिला हात. शेवटचा शब्द दोरीचाच.

मिलरेडियन

किती तिरकेपणा चालेल, याचं उत्तर गणितात आहे. बाजूची चूक = टरेटने चढवलेली उंची × कलाच्या कोनाची साइन. ३ अंशाला साइन ०.०५२. स्कोपवर १० मिलरेडियन (१०० मीटरवर १० सेंटिमीटर म्हणजे एक मिलरेडियन, थोडक्यात मिल) चढवून ८०० मीटरवर नेम धरला तर ती उंची ८ मीटर भरते आणि मार सुमारे ४२ सेंटिमीटर बाजूला जातो. तोच कल १०० मीटरच्या झीरोवर (नेम आणि मार जुळवलेल्या अंतरावर) काहीच दाखवत नाही, कारण तिथे काही चढवलेलंच नसतं. म्हणून जवळचा गट (छिद्रांचा पुंजका) सुंदर येतो आणि दूरचा सरकतो, आणि दोष वाऱ्याच्या माथी मारला जातो. रेघेचं वरचं टोक ज्या बाजूला कललंय त्याच बाजूला दूरचा मार जातो, ही ओळखीची खूण.

एअर रायफललाही हे लागू आहे. २५ मीटरला झीरो आणि ५० मीटरसाठी समजा ३ मिल चढवले, तर ३ अंशाच्या कलाने जवळजवळ ८ मिलिमीटर चूक होते. ४.५ मिलिमीटरच्या पेलेटला हे फार झालं.

आता एक मुद्दा जो उलटा समजला जातो. रेघ ओळंब्याशी जुळलेली हवी, रायफलशी जुळणं दुय्यम आहे. रेघ ओळंब्यात आणि तिच्याखालची रायफल ३ अंश बाजूला कललेली असेल, तर स्कोपची उंची ५ सेंटिमीटर धरून बॅरल फक्त २.६ मिलिमीटर बाजूला जाते. १०० मीटरला झीरो केल्यावर ५०० मीटरवर त्याची चूक जेमतेम एक सेंटिमीटर. रेल आणि अ‍ॅक्शन मिलिमीटरभर हलवत तास घालवण्याऐवजी ती मेहनत रेघेवर करा.

धागाकर्ता

@मिलरेडियन, हे फार महत्त्वाचे लिहिलेत. दुसऱ्या कारणाबद्दल, म्हणजे रेटिकल आतूनच फिरलेले आहे हे कसे ओळखायचे, कुणी सांगाल का?

काचेआड

त्याला उंच लक्ष्याची चाचणी लागते आणि गोळी झाडावी लागत नाही. मोजून १०० मीटरवर ओळंब्याने १२० सेंटिमीटरची उभी रेघ आखा, दर १० सेंटिमीटरला खूण करा. स्कोप घट्ट स्टँडवर बसवून रेटिकल रेघेशी जुळवा आणि क्रॉस वरच्या टोकावर ठेवा. मग एलिव्हेशन (उंचीचा टरेट) १० मिल वर चढवा. क्रॉस रेघेवरून खाली सरकत १०० सेंटिमीटर उतरला पाहिजे.

उतरताना तो रेघ सोडून बाजूला गेला तर रेटिकल आणि टरेटची चाल यांत कोन आहे. दर १.७५ सेंटिमीटर म्हणजे एक अंश. जागा कमी असेल तर २५ मीटरवर १० मिल म्हणजे २५ सेंटिमीटर आणि एक अंश म्हणजे ४.४ मिलिमीटर. याच वेळी क्लिकही (टरेटचे टप्पे) तपासून होतात: १०० ऐवजी ९८ सेंटिमीटर उतरला तर पुढे प्रत्येक उंची १.०२ ने गुणून चढवायची.

कोन सापडला तर स्कोप स्वतः उघडू नका. आत नायट्रोजन किंवा आरगॉन भरलेला असतो, सील तुटले की पहिल्या थंडीत भिंगे आतून धुरकट होतात. वॉरंटीत पाठवावा. तोवर वापरायचाच असेल तर निवड करा: टरेट फिरवून नेम धरत असाल तर टरेटची चाल ओळंब्यात घ्या आणि रेघ तिरकी दिसू द्या. रेटिकलच्या खुणांवरून नेम धरत असाल तर रेघ ओळंब्यात घ्या.

स्प्रिंगपिस्टन

स्प्रिंग-पिस्टन एअर रायफलवर रेघ रोज थोडी थोडी कलत असेल तर माउंट पाहा. ही रायफल आधी मागे येते आणि पिस्टन थडकला की पुढे झटका देते. त्या पुढच्या झटक्यात स्कोप जडत्वाने मागे राहतो आणि माउंट ११ मिलिमीटरच्या डव्हटेलवर (रायफलवरच्या खाचेच्या पट्टीवर) मागे सरकत जातो. एकसंध माउंट आणि मागच्या बाजूला स्टॉप पिन (सरकणे अडवणारी खीळ) हवीच. रिंगच्या आत आणि डव्हटेलवर तेलाचा अंश नको, स्पिरिटने पुसून घ्या. स्कोपही एअर रायफलसाठी बनवलेला असावा, कारण साध्या स्कोपची आतली बांधणी पुढच्या दिशेचा झटका सोसेलच असे नाही.

पाना-पेचकस

क्रॉस सरळ आहे पण विंडेज (डाव्या-उजव्या नेमाचा टरेट) टोकाला टेकलाय, ही तक्रारही 'रेटिकल बिघडले' म्हणून येते. रिंगांमध्ये १०० मिलिमीटर अंतर असेल आणि एक रिंग फक्त ०.१ मिलिमीटर बाजूला असेल, तर १०० मीटरवर १० सेंटिमीटर फरक पडतो. आधी स्कोप मध्यावर आणा: मॅग्निफिकेशन सगळ्यात कमी, पुढचे भिंग आरशाला टेकवा आणि रेटिकल व त्याचे प्रतिबिंब एकावर एक येईपर्यंत दोन्ही टरेट फिरवा. मग माउंट करा. तरीही विंडेज संपत असेल तर दोष माउंटचा. बॅरल मोडून भरायच्या रायफलींत बॅरल किंचित खाली झुकलेली असते, तिथे मागची बाजू उंच असलेला माउंट घ्या. एकाच रिंगखाली पट्ट्यांची चळत लावली की स्कोपची नळी वाकते.

भिंगदृष्टी

सगळं जुळलं तरी रेघ तिरकी *वाटत* असेल तर मान तपासा. दस्त्याला गाल लावताना डोकं कलतं आणि डोळा त्या कलालाच सरळ धरतो. डोळ्याकडचं भिंगही आधी लावून घ्या: कोऱ्या आकाशाकडे पाहा, सूर्याकडे कधीही नाही, दोन-तीन सेकंदच पाहा, नजर काढा, चकती थोडी फिरवा, पुन्हा पाहा. जास्त वेळ पाहिलं की डोळा स्वतःच धूसरपणा भरून काढतो.

ओळंबा

बुडबुड्याची छोटी लेव्हल स्कोपच्या नळीवर सगळ्यात शेवटी बसवा. रेघ दोरीवर धरून ठेवा, मग बुडबुडा मध्यावर आणून ती आवळा. आधी लेव्हल आणि नंतर रेघ असं केलं तर लेव्हलची चूक कायमची स्कोपमध्ये उतरते. जाता जाता रिंग आणि नळीवर मिळून पेन्सिलची एक बारीक खूण करून ठेवा. पुढच्या वेळी रेघ कलली तर स्कोप फिरला की मान कलली, ते त्या खुणेवरून लगेच कळतं.