उघडा फ्लॅश म्हणजे आळस? मला हे अजिबात पटलेलं नाही

तांबडी माती: काल इथं एकानं लिहिलं, 'सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारं कापडी खोकं, न लावता माणसाच्या तोंडावर फ्लॅश मारणं हा निव्वळ आळस. असले फोटो पोलीस ठाण्यातच शोभतात.' रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

अकरा वर्षं मी तालमींत पैलवानांचे फोटो काढतोय. पहाटेची मेहनत संपवून पोरगं हौद्यातून बाहेर येतं तेव्हा अंगभर तांबडी माती असते. एकच फ्लॅश, त्याभोवती साधी सात इंची धातूची वाटी, म्हणजे रिफ्लेक्टर, दोन मीटरवर, डोक्याच्या वर डावीकडं. मोडलेल्या कानाच्या मुडपलेल्या पाळीत काळीभोर सावली बसते, भुवईवर अडकलेला घामाचा थेंब ठिणगीसारखा चमकतो. तोच कान मोठ्या सॉफ्टबॉक्समध्ये नुसता सुजल्यासारखा दिसतो. त्या कानासाठी पोरानं किती वर्षं घासलीत, ते मला दाखवायचंय. यात आळस कुठं आला?

आणि कोल्हापूरच्या माणसानं कडक उजेडाला नावं ठेवावीत? किरणोत्सवाला अंबाबाईच्या पायांवरून चेहऱ्याकडं चढणारा मावळतीचा किरण काय फोटोवाल्यांच्या पांढऱ्या छत्रीतून गाळून येतो?

छत्रीवाला: ती पोस्ट माझीच. देवीला मध्ये आणू नका. मावळतीचा सूर्य तांबूस आणि मंद असतो, तुमचा फ्लॅश नसतो.

तांबडी माती: मंद असला म्हणून मऊ होत नाही. सावलीची कड उजेडाच्या जोरावर ठरत नाही, समोरच्याला तो दिवा केवढा दिसतो त्यावर ठरते. सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश दिसतो. माझा सात इंची रिफ्लेक्टर दोन मीटरवरून पाच अंश भरतो. म्हणजे उघडा फ्लॅश सूर्यापेक्षा मऊच पडतो. तुम्ही लग्नात दीड फुटाचा सॉफ्टबॉक्स चार मीटरवर उभा करता तेव्हा तोही फार मऊ राहत नाही, हे पण लिहा की.

छत्रीवाला: गणित बरोबर आहे. पण गणितानं माणसाचं मन कळत नाही. माझ्या आईच्या चेहऱ्यावर देवीच्या रोगाचे वण आहेत. एका नातलगाच्या लग्नात फोटोवाल्यानं बाजूनं उघडा फ्लॅश मारला. एकेका वणात सावली. आईनं तो फोटो ट्रंकेत साड्यांखाली घातला आणि नंतरच्या दोन लग्नांत ती स्टेजवर चढलीच नाही. तुमच्या पैलवानाला कान मिरवायचाय. माझ्या आईला वण मिरवायचे नव्हते.

माहेर शिरोळ: वण झाकायचे म्हणून मऊ उजेड, इथवर ठीक. पण हीच गाडी पुढं कुठं जाते ते मी भोगलंय. माझ्या लग्नाचा अल्बम आला तर मी ओळखूच येईना. सावळी आहे मी. अल्बममध्ये चेहरा पिठासारखा आणि हात माझ्याच रंगाचे. विचारलं तर म्हणाला, 'ताई, सगळे उजळच मागतात.' मी मागितलं नव्हतं.

छत्रीवाला: ताई, याचा सॉफ्टबॉक्सशी काय संबंध? ते एडिटिंग झालं.

माहेर शिरोळ: संबंध आहे. आधी सावली काढायची, मग खड्डे, मग रंग. फोटोत माणूस कुठं उरतो?

रंकाळ्याचं पोरगं: एडिटिंग मी करतो, म्हणून बोलतो. गिऱ्हाईक शेजारी बसून 'अजून जरा, अजून जरा' म्हणतं. नवरीची सासू येते, नवरीला कुणी विचारत नाही. नाही केलं तर पैसे अडकतात. आम्हाला शिव्या घालणं सोपं आहे.

माहेर शिरोळ: पैसे अडकतात म्हणून दुसऱ्याच्या पोरीचा चेहरा बदलायचा? ती नवरी समोरच असते ना? तिला विचारायला किती वेळ लागतो?

रंकाळ्याचं पोरगं: ...हे मात्र मी कधी केलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

तांबडी माती: ताईंचं पटलं. पण मूळ मुद्दा असा सोडणार नाही. छत्रीवाले, आईंचा फोटो फ्लॅशच्या उघडेपणानं नाही, कोनानं बिघडला. बाजूनं घासून जाणारा उजेड प्रत्येक खड्ड्यात सावली पाडतो. तोच उघडा फ्लॅश लेन्सच्या अगदी लगत, समोरून ठेवला असता तर सावल्या वणांच्या मागं पडल्या असत्या आणि कॅमेऱ्याला जवळपास दिसल्याच नसत्या. फक्त कपाळ, नाक चमकतं, त्याला आधी रुमाल फिरवायचा. आपल्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२३ सालच्या 'सिंहगड' सिनेमासाठी रात्रीच्या प्रसंगांना कृत्रिम प्रकाश वापरला. याच गावात दिवा कुठं ठेवायचा याचा विचार शंभर वर्षांपूर्वी झालाय, आणि आपण अजून दिव्यावर कापड आहे का नाही यावर भांडतोय.

छत्रीवाला: कोनाचं खरं आहे. मी स्वतः मोठा ऑक्टा, म्हणजे आठकोनी सॉफ्टबॉक्स, बाजूला लावून वण उठलेले पाहिलेत, पण दोष कधी कोनाला दिला नाही. 'आळस' हा शब्द मागं घेतो. पण विचारल्याशिवाय कुणाच्या तोंडावर कडक उजेड टाकू नये, यावर ठाम आहे.

तांबडी माती: त्यात वाद नाही. मीही प्रत्येक पोराला आधी कॅमेऱ्यावर एक फोटो दाखवतो. नको म्हणाला तर पुसून टाकतो.

छत्रीवाला: समोरून म्हणजे लेन्सच्या किती वर?

तांबडी माती: वीतभर, जास्त नको. भिंतीपासून आईंना दोन मीटर पुढं बसवा, नाहीतर मागं सावली चिकटेल.

छत्रीवाला: रविवारी आईला विचारतो. हो म्हणाली तर काढीन. फोटो इथं टाकायचा की नाही, तेही तीच सांगेल.