शुक्राणू मादीच्या शरीरात गेल्यावर 'तयार' होतात म्हणजे नक्की काय होतं?

दादरकर_टीवाय: झूलॉजीला आहे, कपॅसिटेशनवर, म्हणजे शुक्राणूंच्या या 'तयार' होण्यावर, व्हायव्हा आहे. मॅडमनी 1951 ला चँग आणि ऑस्टिन यांनी वेगवेगळं शोधलं एवढं सांगून पुढची स्लाइड लावली. ताजे शुक्राणू अंड्याजवळ सोडले तरी लगेच काही करू शकत नाहीत, आधी काही तास मादीच्या मार्गात काढावे लागतात हे कळलं, पण त्या तासांत कोण कोणाला सिग्नल देतं? आणि बायकार्बोनेट म्हणजे खायच्या सोड्यातलंच ना, त्याचं इथे काय काम??

लॅबवाली_ठाणे: हो तेच. एपिडिडिमिसमध्ये, म्हणजे नराच्या शरीरात शुक्राणू साठतात त्या नळीत, ते कमी असतं, पीएच पण ॲसिडिक, म्हणून शुक्राणू तिथे गपगार पडून असतात. बाहेर पडले की बायकार्बोनेट वाढतं, आत शिरतं आणि सोल्युबल ॲडेनिलिल सायक्लेज हे एन्झाइम थेट चालू करतं, मग सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, त्याने पीकेए हे दुसरं एन्झाइम जागं होतं आणि शेपटीतल्या प्रोटीन्सवर फॉस्फेट चढायला लागतात. दुसरीकडे अल्ब्युमिन हे प्रोटीन पेशीच्या पडद्यातलं कोलेस्टेरॉल ओढून काढतं, पडदा सैल पडतो. आयव्हीएफच्या (शरीराबाहेर अंडं फलित करायच्या) मीडियात, म्हणजे पेशी ठेवायच्या द्रवात, हे दोन्ही घातलेलं असतं, इनक्युबेटरला 5-6 टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो तो पण बायकार्बोनेटमुळेच, नाहीतर पीएच वर जातो. फिनॉल रेडवाला (पीएचप्रमाणे रंग बदलणारा) मीडिया असेल तर डिश बाहेर राहिली की रंग गुलाबी-जांभळा व्हायला लागतो आणि सिनियर ओरडतात 😅

अंधेरी_फास्ट: प्रोजेस्टेरॉन राहिलं की! माणसात अंड्याभोवतीच्या क्युम्युलस पेशी ते सोडतात, त्याने शेपटीवरचं कॅटस्पर हे कॅल्शियम चॅनल उघडतं, 2011 ला दोन ग्रुपनी दाखवलं. कॅल्शियम आत गेलं की शेपटी चाबकासारखी फटके मारते, ते हायपरॲक्टिव्हेशन. उंदराचं कॅटस्पर मात्र प्रोजेस्टेरॉनला दाद देत नाही, तेव्हा उंदराचे रिझल्ट माणसाला चिकटवू नकोस, बाहेरचे परीक्षक तिथेच पकडतात.

दादरकर_टीवाय: भारी. मग ॲक्रोसोम रिॲक्शन पण यातच धरायची का?

लॅबवाली_ठाणे: नाही रे, ती नंतरची पायरी. डोक्याच्या टोकावरच्या पिशवीतली एन्झाइम्स बाहेर पडतात आणि ती एकदाच होते, फार लवकर झाली तर तो शुक्राणू वायाच. बरं, सगळे एकदम तयार होतच नाहीत, एका वेळी थोडेच, बाकीचे मागून येतात, मला तर हाच भाग सगळ्यात डोकेबाज वाटतो. जुन्या पुस्तकांत झोनाला, म्हणजे अंड्याभोवतीच्या जाड आवरणाला, चिकटल्यावरच रिॲक्शन होते असं असतं, पण 2011 लाच उंदरांत प्रत्यक्ष शूट करून बघितलं तर अंड्यापर्यंत पोचून यशस्वी झालेल्या बहुतेकांची ती झोनाला भिडायच्या आधीच सुरू झालेली. व्हायव्हात दोन्ही सांग.

परळ_नाका: आपल्या केईएमला 6 ऑगस्ट 1986 ला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमचं टेस्ट ट्यूब बेबी जन्मलं ते पण टाक, मुंबईतलं उदाहरण दिलं की परीक्षक खूश. पण माझा एक प्रश्न, इक्सीमध्ये सुईने शुक्राणू सरळ अंड्यातच टोचतात, मग हे सगळं कशाला हवं?

लॅबवाली_ठाणे: नकोच. पोहायचं नाही, झोना फोडायचा नाही, अंड्याच्या पडद्याशी जुळायचंही नाही. म्हणून तर 1992 पासून ज्यांचे शुक्राणू धड हलत पण नाहीत त्यांनाही मूल होऊ शकतं.