दमट हवा, दुष्फेन पाणी आणि पर्यावरणस्नेही साफसफाई: आग्रह कुठवर धरावा?

रिठावाली (धागाकर्ती):
गेले वर्षभर मी तयार क्लीनर बंद करून रिठ्याचे पाणी, धुण्याचा सोडा आणि लिंबूसत्व एवढ्यावरच घर साफ ठेवते आहे. आमचे पाणी दुष्फेन, म्हणजे बोलीत जड, आणि हवा बहुतेक काळ दमट. त्यामुळे अशा घरात हे प्रयोग टिकत नाहीत, असे मला वारंवार ऐकवले जाते. माझे मत नेमके उलट आहे. साबणाचा पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो आणि तोच फरशीला नि बादलीच्या कडेला चिकटून बसतो. रिठ्यातील सॅपोनिनचा, म्हणजे त्याला फेस आणणाऱ्या घटकाचा, तसा साका धरत नाही. नळाच्या तोटीवरचा पांढरा थर बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व विरघळवून त्यात भिजवलेले फडके तोटीभोवती अर्धा तास गुंडाळले, की थर मऊ होऊन बोटाने निघतो. मग जहाल आम्लाच्या बाटल्या घरात आणायच्या कशाला?

चुनखडी:
असहमत. आम्लाला थर कोणता आणि फरशी कोणती हे कळत नाही. संगमरवर म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेटच, आणि टाइलांच्या सांध्यांतील सिमेंटही आम्लाने झिजते. माझ्याच हातून व्हिनेगरचे चार थेंब संगमरवरी ओट्यावर सांडले. ते पुसले, तरी निस्तेज झालेली वर्तुळे आजही तिरप्या उजेडात दिसतात. शिवाय खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याची जी टूम आहे, तिच्यात दोन्ही एकमेकांना मारून टाकतात आणि हाती राहते ते सोडियम ॲसिटेटचे पाणी. फेस दिसला की काम झाल्याचे समाधान मिळते, एवढेच. आणि बुरशीचे काय? दमट हवेत तुमचे रिठ्याचे पाणीच चार दिवसांत आंबते.

ओलकर:
दोघेही बाटलीत काय भरावे यावरच वाद घालत आहात. थेंब जागच्या जागी सुकला तरच क्षार मागे राहतात. आंघोळीनंतर दोन मिनिटे वायपर फिरवून भिंती निथळवल्या, तर आम्लाची गरजच फार थोडी उरते. बुरशीचेही तेच. खोलीतील सापेक्ष आर्द्रता सतत 60 टक्क्यांच्या वर राहिली, तर भिंत कशानेही पुसा, बुरशी परत येणारच. खिडक्या दिवसभर उघड्या ठेवाव्यात हा सल्लाही मला सरसकट पटत नाही, कारण बाहेरची हवा आतल्यापेक्षा दमट असेल, तर आपण ओल घरात बोलावत असतो. एक साधा आर्द्रतामापक भिंतीला लावावा आणि खिडकीचा निर्णय त्याच्यावर सोपवावा.

चुनखडी:
वायपर मान्य. पण घरात दम्याचा रुग्ण असेल, तर आर्द्रता उतरण्याची वाट पाहत बसता येत नाही. न्हाणीघराच्या टाइलांवर काळी बुरशी धरली असेल, तर तेथे पातळ केलेले ब्लीच क्वचित वापरणे मला गैर वाटत नाही. मात्र ज्या घरात लिंबूसत्व आणि ब्लीच एकाच फळीवर ठेवलेले असतात, तेथे खरा धोका आहे. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचून माणसे नेमकी तेवढीच खबरदारी विसरतात.

रिठावाली:
संगमरवराचा मुद्दा मी धाग्यातच लिहायला हवा होता. रिठ्याचे पाणीही आंबते हे खरे. म्हणून मी ते थोडेच उकळून फ्रिजमध्ये ठेवते. ब्लीचबाबत मात्र माघार नाही. गुळगुळीत टाइलवर ते चालेल, पण प्लास्टरसारख्या सच्छिद्र भिंतीवर ते डागाचा रंग उडवते, आतली बुरशी तशीच राहते आणि ब्लीचमधले पाणी उलट भिंतीत मुरते. टाइलांसाठी मी 3 टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरते. त्याचे शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच होतात. कपाटामागच्या भिंतीवरचा काळा पट्टा यांपैकी कशालाच बधला नाही, हेही कबूल करते. ओलकरांचे वाचून आज कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले आहे आणि आर्द्रतामापक त्या फटीतच ठेवणार आहे.